डॅव्हीचं तिकीट

सॅना आरेंडसे वाइन बनवते, पण गिळत नाही. तोंडात घोळवते, डोळे मिटते आणि बादलीत थुंकते. इथे दक्षिण आफ्रिकेतल्या पार्लच्या द्राक्षमळ्यावर तिच्या बापाला मजुरीतच वाइन मिळायची, पत्र्याच्या मगातून, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्यातच तो गेला. धाकटा भाऊ डॅव्हीही त्याच वाटेने निघाला होता, सॅनाने त्याला ओढून बाहेर काढलं. आता कित्येक वर्षं तो वेली छाटतो आणि संध्याकाळी चहा पितो. तरी तो दारात आला की सॅना आधी त्याच्या तोंडाचा वास घेते. मी तिची शेजारीण, मला तिचा रागच येतो. माणसाला हुंगायचं तरी किती?

द्राक्षांची तोडणी संपली की आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बालवाडीला पैसे जमवायला तिकिटांची सोडत असते, बक्षीस वाइनच्या बाटल्या. यंदा सगळ्या बाटल्या आपल्याच लोकांच्या मळ्यांतल्या होत्या, ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्यांच्या वेली छाटत मेले. त्यांत सॅनाच्या नावाची पहिलीवहिली बाटली होती. जिंकणाऱ्याने तिथेच बूच काढून पहिला घोट घ्यायचा, ही आमची रीत. नाही घेतला तर तो बनवणाऱ्याचा अपमान.

सोडतीच्या दिवशी दुपारी जेवताना कळलं, डॅव्हीनेही तिकीट घेतलंय. सॅनाच्या हातातला मासा ताटात पडला.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"पोरांसाठी घेतलं गं. गाढवाची लाथ सोडून मला आजवर काही मिळालंय का?"

तिकीट या शेजारणीला देऊन टाक, असं ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. त्याने ते खिशात घातलं. त्याला ते लागलं, हे मला दिसलं. तिला दिसलं नाही. हॉलमध्ये सोडत सुरू झाली, तसे प्रत्येक नंबराला तिचे ओठ हलू लागले. आपल्या भावाला काही मिळू नये म्हणून देवाचा धावा करणारी बहीण मी पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी सॅनाची बाटली आली. नंबर पुकारला गेला आणि डॅव्ही उठून स्टेजवर गेला.

सोडत काढणाऱ्या जेफ्थाकाकांना काही पोच नाही. त्यांनी ग्लास काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. टाळ्या वाजल्या आणि मग एकेक करून थांबल्या, कारण हॉलमध्ये सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. सॅनाची नखं माझ्या मनगटात रुतली. ग्लास वर गेला, नाकापाशी थांबला. तो वास घेतच राहिला.

मग तो खाली उतरून आमच्याकडे आला. काठोकाठ भरलेला ग्लास हिंदकळून त्याची बाही भिजली.

"वास चांगला आहे, ताई. पुढचं तू सांग."

सॅनाने ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. थुंकायची बादली पायाशीच होती, ती कोरडीच राहिली.

कशी झालीय, असं लोक विचारू लागले.

"मला काय विचारता? मी आज पहिल्यांदाच गिळलीय."

हॉल हसला. मी हसता हसता डोळे पुसले. सॅना हसली नाही. तिने डॅव्हीची ओली बाही नाकाशी धरली, त्याला तिथेच शर्ट काढायला लावला आणि नळाखाली खसाखसा धुतला. बनियनवर माझ्या नवऱ्याचा कोट घालून डॅव्ही घरी निघाला, आणि ओला शर्ट पिळत सॅना त्याच्या मागे.