पाय काढून ठेवला म्हणून

गुडघ्याखाली जिथे माझा पाय संपतो, तिथे एक फोड आला आणि तो मी धावण्याच्या सरावाच्या सरांपासून लपवला. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. कॉलेजात असताना हिंदमाता सिनेमाजवळ टेम्पोखाली पाय गेला, त्यानंतर ब्लेड, म्हणजे पळण्यासाठीचा पात्यासारखा पाय, लावून पळायला शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता एका फोडासाठी थांबायचं अगदी जिवावर आलं. फोडाची जखम झाली, जखमेतून पू येऊ लागला. मी पट्टी घट्ट बांधायची, गोळी घ्यायची आणि पळायची. आई म्हणते, हट्टात मी कुणाला हार जायची नाही. पण ताप भरला की मनात यायचं, एवढं करूनही दत्तगुरू गप्पच बसणार असतील, तर ते आहेत तरी का?

गुरुवारी लालबागहून ठाकूरद्वारच्या वाडीतल्या दत्ताच्या मठात गेले ती भांडायलाच. मठात जायचं म्हणजे माझा नेहमीचा घोळ. रोजच्या चालण्याचा कृत्रिम पाय बुटाच्या टाचेच्या उंचीप्रमाणे बसवलेला असतो; बूट काढला की तोल मागे जातो. आणि बूट घालून देवासमोर जाणं आमच्या घरच्या वळणात बसत नाही. म्हणून मी बुटासकट पायच काढते, चपलांच्या फळीवर ठेवते आणि कुबड्यांवर आत जाते. फळी सांभाळणारे काका दरवेळी म्हणतात, "अगं, पाय आत ने, देव काय रागवत नाय." मी ऐकत नाही. घरचे चिडवतात, हिचं सोवळं पायापुरतंच.

आरती चालू होती. मी भिंतीला टेकून बसले. शेजारी एक अनोळखी कोळीण मावशी टाळ्या वाजवत होती. ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"पोरी, पट्टी सोड."

"काही नाही मावशी, घासलंय जरा."

"हा वास मी वलखते. माझ्या घरवाल्याचा पाय असाच गेला. आधी बोट, मग घोटा, मग पार मांडीपर्यंत."

"रविवारी ट्रायल आहे माझी."

"ट्रायल पुढल्या वर्षी पन येल. गुडघा येल काय?"

माणसं वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला नको ते बोलले. ती उठून बाहेर गेली, फळीवरून माझा पाय उचलून काखेत मारला आणि रस्त्यावर टॅक्सी थांबवली. पायच तिच्याकडे, तर मी जाणार कुठे? रडत, चडफडत तिच्यामागून गेले. तिने थेट परळचं हॉस्पिटल गाठलं.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पू हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी पळाली असतीस तर गुडघ्याच्या वर कापावं लागलं असतं. गुडघा गेला असता, तर पळणं तर सोडाच, साधं चालणंही मला पहिल्यापासून शिकावं लागलं असतं.

रविवारी माझी शर्यत माझ्याशिवाय झाली. मी वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी मावशी माहीमहून पेज घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, त्या मठात ती याआधी कधी गेलीच नव्हती. वाडीत पाहुण्यांकडे आली होती, आरती ऐकून आत शिरली. पाय अंगावर असता तर जखम त्यात झाकली गेली असती आणि तिला तो वास आलाही नसता. हा योगायोग की दत्तगुरूंचं उत्तर, यावर मी काही वाद घालत नाही. ती गेल्यावर मी चादरीखाली हात घातला. गुडघा होता. भीतभीत वाकवला. कळ मस्तकात गेली, पण तो वाकला.

ते वर्ष गेलं. जखम भरायला फार वेळ लागला, आणि पूर्वीचा वेग येईल की नाही ते कुणी सांगत नाही. गुरुवारी अजूनही मठात जाते. आता शर्यत मागत नाही. "तुम्हाला वाटेल तसं करा, महाराज," एवढंच म्हणते. म्हणताना कधी कधी अजून राग येतो, तेव्हा तोही त्यांच्यापुढे ठेवते आणि वाकून नमस्कार करते, गुडघा टेकून.