जळका वास

काल गॅरेजमध्ये जळक्या गिअर ऑइलचा वास आला आणि बारडोलीचा रस्ता आठवला. बाबांच्या जुन्या गाडीचे गिअर अडकायचे, म्हणून त्यांनी ऑइलमध्ये कसलंसं औषध ओतलं होतं.

"बघ, लोण्यासारखा पडतोय गिअर!" बाबा खूश होते.

"अहो, पण जळकट वास येतोय," आई म्हणाली.

रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर गिअर निसटला आणि गाडी थांबली. घंटा वाजू लागली. आईने आम्हा मुलांना खाली ओढलं. बाबा मात्र दांडा खेचतच राहिले.

"दिनकर, उतर!" आई किंचाळली.

बाबा दचकून उतरले. लोकांनी गाडी ढकलली आणि लगेच मागून आगगाडी धडधडत गेली.

आईने बाबांना नावाने हाक मारली, म्हणून आम्ही कितीतरी दिवस हसायचो. आई कधीच हसली नाही, हे आता लक्षात येतं.