कॉम्प्युटरची झोप, बाबांचं बटन

अकोल्याकडच्या मालेगावात आमच्या घरात टीव्हीखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. सिनेमे, गाणी, पुतणीच्या लग्नाचा लांबलचक व्हिडिओ, सगळं त्याच्या पोटात. मी हौसेनं जोडलेला. बायको त्याला सवत म्हणते. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि या सवतीवर एकदम जबाबदारीचं काम आलं.

बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. नोकरीभर भोंग्यावर गाड्या पुकारल्या. झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. हातपाय हळूहळू थोडे परतले, शब्द काही परतेनात. कुणी भेटायला येऊन ‘जयभीम’ म्हटलं की ओठ नुसते हलायचे, आणि मग ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. पुढे पुढे तर पाहुण्याची चाहूल लागली की झोपेचं सोंग घेऊ लागले. अकोल्याला वाचा शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज तोंडाचे व्यायाम झाले तर बोलतील. आत्ता हयगय केली तर राहिलंच म्हणून समजा.

व्यायामाचे व्हिडिओ बाईंनीच दिले होते. पण बाबांना ‘चला, व्यायाम करू’ म्हणायची सोय नव्हती. पोरानं हुकूम सोडायचा आणि आपण ऐकायचं, छे! मग मायच कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाली, “मानसाचं नाई आयकत हे, पन टायमाचं आयकतात. तुह्या डब्याले टायम लावून दे.”

लावून दिला. सकाळी चहानंतर कॉम्प्युटर आपोआप जागा व्हायचा, टीव्हीवर व्हिडिओ सुरू व्हायचा, संपला की पुन्हा झोपायचा. संध्याकाळी दिवेलागणीआधी तसंच. पहिल्या दिवशी पडदा उजळला तसे बाबा ताठ बसले. गाडी वेळेवर लागली होती ना! मी तर फुशारून गेलो.

पण दोनचार दिवसांतच घोटाळा सुरू झाला. संध्याकाळी नीट झोपलेला कॉम्प्युटर सकाळी उठेचना. मी त्याची सेटिंगं उलटीपालटी केली, आतला सेल बदलला, अपडेटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काही केल्या पत्ता लागेना. व्यायाम बुडत होते आणि माझं डोकं तापत होतं.

एका संध्याकाळी मी अंगणातून आत आलो तर बाबा पलंगावरून उठलेले. डावा हात भिंतीला, एक एक पाय ओढत बटनांच्या बोर्डाकडे निघालेले. डबा झोपला की त्याचा बारका दिवा मंद लुकलुकतो. तो दिवा म्हणजे वीज फुकट जाते. आमच्या घरात दिवेलागणीला एक फेरी मारून जिथं लाल-निळं काही दिसेल तिथलं बटन बंद करायचं, हा बाबांचा जन्माचा रिवाज. झोपलेल्या डब्याला उठायला करंट लागतो, हे त्यांना कोण सांगणार? खटकन बटन बंद झालं.

“बाबा!” मी ओरडलोच. “कायले बंद करता? दहा खेपा लावला मी तो!”

माय स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं बाहेर आली आणि माझ्यावरच उखडली. “वरडू नको! दवाखान्यातून आले तवापासून माह्या खांद्याबिगर उठले नाई हे. आपल्या पायानं बोर्डापाशी जाऊन राह्यले, अन् तुले डब्याची पडली काय?”

खरंच की! मी डब्याकडे बघत होतो, ती माणसाकडे. या बाईची नजर म्हणजे नजर आहे, मानलं पाहिजे.

“मंग डबा उठन कसा?” मी विचारलं.

“तो तुहा धंदा हाये. बटन त्यायच्या हातातून जाऊ देऊ नको, येवढंच सांगून राह्यली मी.”

मग मी डब्याची झोपच बदलली. आता तो सगळं आत जपून पुरता बंद होतो, त्याला रात्रभर वीज नको. आणि बटन लागून करंट आला की आपण होऊन सुरू होतो, थेट व्यायामावर येतो. घड्याळाची कटकट काढून टाकली. संध्याकाळी बटन बंद करायचं बाबांनी, सकाळी लावायचंही बाबांनी, आणि संध्याकाळच्या व्यायामाला एकदा खालीवर करायचंही बाबांनीच. मायनं त्यांना एवढंच सांगितलं, “टायम तुमीच पाहा.” घड्याळाकडे एक नजर टाकून बाबा उठायचे ते काय बघण्यासारखं! एक दिवस चुकले नाहीत.

एकच पंचाईत झाली. मधेच लाइट जाऊन आली की डबा अवेळी जागा व्हायचा आणि टीव्हीवरची बाई “जीभ बाहेर काढा” म्हणून ओरडायची. एकदा घरात सोयरे बसले असताना असं झालं. बाबा डोळे मिटायच्या बेतात होते. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सोयऱ्यांदेखत भलीमोठी जीभ बाहेर काढली. मग काय, बाबांनीही काढली. रोज ती त्यांच्या शेजारी बसून आ, ऊ, ई सगळं करायची. व्यायाम आटोपेपर्यंत आपलं ताट वाढून घेत नसे. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइट बराच वेळ गेलेली. आम्हा सगळ्यांना वाढून माय शेवटी ताट घेऊन बसली आणि तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला, टीव्हीवर बाई बोलू लागली. मायनं भाकरीचा मोडलेला तुकडा ताटात ठेवला आणि पदराला हात पुसत उठली.

बाबांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेच्या शिरा ताणल्या.

“जे...” म्हणाले. मग, “जेव. तू जेव.”

माय मटकन ताटापाशी बसली. घास तोंडात घातला आणि रडत रडत जेवू लागली. बाबांनी तोंड टीव्हीकडे वळवलं आणि एकट्यानं जीभ बाहेर काढली.