महालक्ष्म्यांच्या डोक्यावरची माझी कथा

लेखक व्हायला जे जे लागतं ते सगळं माझ्याजवळ होतं. फक्त बसायला जागा नव्हती.

तेव्हा मी पिंपळगाव राजाला शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन एक, आणि दोन्हींचा उत्साह अजून टिकून होता. आम्ही किसनभाऊंच्या घरात भाड्याने राहायचो. किसनभाऊ म्हणजे कापूस-ज्वारीवाले शेतकरी, दिवसातून चार वाक्यं बोलणारे. उरलेली सगळी वाक्यं त्यांच्या पत्नी, पार्वताकाकू, बोलायच्या. आमची जागा दीड खोलीची. एका खोलीत स्वयंपाक, संसार, झोप आणि पाहुणे. अर्ध्या खोलीत ज्वारीची कणगी, लोणच्याची बरणी, सासऱ्यांनी दिलेली ट्रंक, आणि हे सगळं ओलांडून पलीकडे पोचलात तर एक खिडकी. खिडकीतून कडुनिंब दिसायचा. (कडुनिंबाखाली किसनभाऊंची म्हैसही दिसायची, पण लेखकाने काय बघायचं ते लेखकाने ठरवायचं असतं!)

त्यात पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. माझ्या सात कथा त्यांनी आजवर साभार परत केल्या होत्या. या वेळी मात्र लिहिलं होतं, 'नवी कथा अनंत चतुर्दशीच्या आत हाती आल्यास दिवाळी अंकासाठी विचार करू.' विचार करू, एवढंच. पण मी ते कार्ड शाळेत, पारावर आणि न्हाव्याच्या दुकानात अशा बेताने बाहेर काढलं की आठवड्यात गावभर झालं, मास्तरांचं पुस्तक निघतंय! आता कथा गेली नाही तर मला पिंपळगावातून बदली मागून घ्यावी लागली असती.

मी बायकोला म्हणालो, "सुमन, ती अर्धी खोली मला लागेल. लेखकाला एकांत लागतो."

"अन् ज्वारी कुठी ठेवू? माह्या डोक्शावर?"

"चुलीजवळ ठेव."

"अन् ट्रंक?"

"ट्रंकेवर बस. पाटाचं काम होईल."

सुमनने पदर खोचला आणि ती कणगी ढकलायला लागली. तिच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं, हे मी तेव्हाही म्हणायचो. फक्त मनात म्हणायचो.

मग मी कामाला लागलो. शाळेत आलेल्या खडूंची दोन रिकामी खोकी आणली. त्यांवर किसनभाऊंच्या मोडक्या बैलगाडीची फळी टाकली. झालं टेबल! सुमनचं जुनं हिरवं लुगडं दोन खिळ्यांना अडकवून पडदा केला. फळीवर दौत, टाक आणि एक फुलांचा पेला. (फूल झेंडूचं. दुसरं मिळालं नाही.) माझी छाती भरून आली. नागपूरपर्यंतच्या एकाही मास्तराकडे अशी जागा नसेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शेवटी मी सुमनला बजावलं, "एक लक्षात ठेव. या पडद्याच्या आत तू पाऊल टाकायचं नाही. काहीही झालं तरी नाही."

"आग लागली तरी?"

"आग लागली तर बाहेरून हाक मार."

पंधरा दिवस मी लिहीत होतो. कथा अशी : मालती नावाची पुण्याची एक सुशिक्षित मुलगी, तिच्यावर सासरी अन्याय होतो, ती गच्चीवर उभी राहून चंद्राशी बोलते आणि शेवटच्या पानावर विहिरीत उडी घेते. पुणे मी पाहिलं नव्हतं. गच्चीही नीट पाहिली नव्हती. पण विहिरी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे शेवट फार जोरकस उतरला होता. लिहिता लिहिता मी स्वतःच दोनदा रडलो.

भादव्याची हवा, कागद दमट, शाई वाळता वाळत नव्हती. म्हणून मी खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत एक सुतळी बांधली आणि लिहिलेली अकरा पानं तिच्यावर ओळीने टाचण्यांनी लटकवली. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं, मजकूर समोर, पाठ कोरी. सकाळी शाळेला निघताना मी मागे वळून ती रांग पाहिली. संध्याकाळी उतरवायची, पाकिटात घालायची, टपालात टाकायची. त्या दिवशी वर्गात मी गणिताच्या तासालाही मालतीबद्दलच बोललो.

संध्याकाळी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. आत गल्लीतल्या निम्म्या बायका. हिरवं लुगडं बाजूला सारलेलं, आणि माझ्या टेबलावर, माझ्या खडूंच्या खोक्यांवरच्या फळीवर, जरीची लुगडी नेसून, नथी घालून, दोन महालक्ष्म्या उभ्या!

त्याच क्षणी मला आठवलं. उन्हाळ्यात जागा देताना किसनभाऊ त्यांच्या चार वाक्यांपैकी एक वाक्य बोलले होते : "भादव्यात तीन दिवस त्या कोपऱ्यात आमच्या महालक्ष्म्या बसतात, पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा हाय त्याहीची, चालन ना?" मी खिडकीतून कडुनिंब बघत "चालेल, चालेल" म्हणालो होतो.

पार्वताकाकू पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मास्तर! धन्य हाय तुमची! भाडोत्री मानूस, पन आमच्या लक्ष्म्यांसाठी मखर करून ठेवलं! पडदा लावला, फूल ठेवलं, अन् थे झालर! माय वं, केवढी मोठी कागदाची झालर! फक्त खालून सरळच ठेवली होती तुमी. म्या कातर घेतली अन् नक्षी पाडली."

मी वर पाहिलं. अकराच्या अकरा पानांना खालून करवतीसारखे दाते पाडलेले! आणि प्रत्येक पानाच्या मधोमध हळदीकुंकवाचं एक एक बोट. मालतीच्या चंद्राला कुंकू लागलं होतं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "आजकालच्या शिकलेल्या पोराईत असा भाव राह्यला नाई वं. लाखात एक हाय हा मास्तर."

मी तोंड मिटलं. (स्तुती सुरू असताना मध्ये बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.)

"त्यात विशेष काही नाही काकू," मी म्हणालो, "घरचीच माणसं तुम्ही."

चुलीपाशी गेल्यावर मी सुमनवर दात-ओठ खाल्ले. "तू बघत काय बसलीस? अडवायचं ना त्यांना!"

"मी कशी अडवू? तुमीच सांगतलं, पडद्याच्या आत पाऊल टाकू नको. बाहेरून हाक मारली मी दोन डाव. तुमी शाळेत होते."

"मग आता मी जाऊन खरं सांगतो."

"सांगा ना. जा."

मी गेलो. लाखात एक मास्तर म्हणून त्या दोन म्हाताऱ्यांनी मला नमस्कार केला, मी तीर्थ घेऊन परत आलो. सुमन पदर तोंडात कोंबून हसत होती.

एकदा मांडलेली आरास महालक्ष्म्या उठेपर्यंत हलवायची नाही, असा नेम. म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन, आणि संध्याकाळी पाचच्या एसटीने टपालाची थैली खामगावला जायची. तीच त्या आठवड्यातली शेवटची थैली. ती चुकली की पुण्याला अनंत चतुर्दशीच्या आत काहीही पोचणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, आणि वर फुलोरा. फुलोरा म्हणजे तळलेल्या करंज्या, पापड्या, वेण्या दोऱ्यांनी देवींच्या डोक्यावर टांगतात. टांगायला दुसरं काही दिसेना, म्हणून माझ्याच सुतळीला टांगला! सुतळी वाकली, पानं खाली आली, आणि करंज्यांचं तेल मालतीच्या सासूवर ठिबकायला लागलं. मी हात जोडून उभा होतो. सगळ्यांना वाटलं, माझी समाधी लागली.

आणि पंगतीला आले पोस्टमन नामदेवराव. नामदेवराव आमच्या गावात नुसतं टपाल वाटत नसत, वाचूनही दाखवत. निम्म्या गावाची पत्रं त्यांच्याच तोंडून ऐकली जायची, त्यामुळे लिहिलेला कागद दिसला की त्यांचा आवाज आपोआप लागायचा. दर्शनाला वाकलेले नामदेवराव वर उठले, डोळ्यांसमोर सातवं पान आलं, आणि त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं, "'मालती थरथर कापत म्हणाली, हे चंद्रा...' काऊन हो मास्तर, हे काय हाय?"

"काही नाही, आपलं... स्तवन आहे."

"स्तवनात सासू चटके कशी देऊन राह्यली?"

पंगतीतल्या बायका थांबल्या. "सासू? कोनाची सासू? वाचा ना भाऊ!"

नामदेवरावांनी वाचलं. सात, मग तीन, मग नऊ, नक्षी पाडून काकूंनी उलटसुलट टांगली होती त्या क्रमाने. बायका पुरणपोळी हातात धरून ऐकत होत्या. सासूचं पान आलं की शिव्या, मालतीचं आलं की चुकचुक. माझी कथा! सात वेळा परत आलेल्या माझ्या लेखणीपायी आज सोळा भाज्या निवत होत्या! मला इतका आनंद झाला की मी नामदेवरावांना चौथं पानही दाखवलं, ते फुलोऱ्यामागे दडलं होतं.

तेवढ्यात ते अकराव्या पानाशी आले. ते बरोबर थोरल्या महालक्ष्मीच्या डोक्यावर होतं. "'...आणि त्या खोल काळ्या पाण्यात मालतीने आपला देह झोकून दिला.'"

मी टाळ्यांची वाट पाहत होतो.

पार्वताकाकू उठल्या. "मास्तर, थे मेली?"

"हो काकू. शोकांत आहे."

"माह्या घरी लक्ष्म्या माहेराले आल्या, लेकी आल्या, अन् त्याहीच्या डोक्यावर तुमी पोरगी विहिरीत लोटली?" त्या त्या पानाखाली येऊन उभ्या राहिल्या. "आमच्या गल्लीत अशी एक गेली हाय, मास्तर. खरीखुरी. तुमाले माहीत नाई. तिले कोनी काढलं नाई वर."

दोनदा रडून लिहिलेलं ते पान मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. लाज वाटली, खरं सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्षता टाकून महालक्ष्म्या उठल्या. मी स्टुलावर चढलो आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं : झालर नाही, कथा आहे, पाचच्या टपालाने पुण्याला जायची आहे. मला वाटलं, आता लाखातला एक मी उरणार नाही. पण काकू नुसत्या म्हणाल्या, "थे आमाले कालच समजलं. दहा पानं घ्या. अकरावं मी देत नाई."

"काकू, शेवटाशिवाय कथा कशी जाईल?"

"दुसरा लिवा. तिले वर काढा."

"मालती ट्रॅजिक पात्र आहे!"

"असन. तरी काढा."

मी नामदेवरावांकडे पाहिलं. ते थैलीला गाठ मारत म्हणाले, "पाचाले एसटी हाय. पन मास्तर, थे पोरगी मेली तर हे पाकीट मी हाती धरनार नाई. सरकारी नोकर असलो तरी मले बी दोन लेकी हायेत."

मग त्या माझ्या एकांताच्या जागेत, पडदा पार निघालेला, मी टेबलाशी बसलो आणि भोवती चौदा बायका, एक पोस्टमन आणि दारात किसनभाऊ. सुमन कणकेच्या खळीने दात्यांखाली कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती आणि कातरलेल्या ओळी मला विचारून भरत होती. (दोन-तीन तिने न विचारताच भरल्या, असं मागाहून कळलं.)

"हं, लिवा," काकू म्हणाल्या. "मालती विहिरीपाशी गेली. खाली पाह्यलं."

"तिच्या अंतःकरणात वादळ..."

"वादळ-बिदळ नको. घागर होती ना हाती? भरली तिनं. घरी आली. सासूले म्हने, आज मी आधी जेवनार. दोन भाकरी खाल्ल्या, वर लोटाभर पानी पेली, अन् झोपली."

"आणि?"

"अन् काय? झोपू द्या न तिले. लय दमली थे."

मी वर पाहिलं. बायका माना हलवत होत्या. दारातून किसनभाऊ बोलले. त्या दिवसाचं बहुधा त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं. "बराबर हाय." मी जसंच्या तसं लिहिलं. नामदेवराव पाकीट घेऊन एसटीकडे पळाले, आणि गल्लीने मालतीसाठी पुन्हा एकदा आरती केली.

दिवाळीच्या आधी अंक आला. नामदेवरावांनी तो वाटेतच वाचून काढला होता, त्यामुळे माझ्या आधी सगळ्या गावाला कळलं की कथा छापून आली! पिंपळगाव राजातला पहिला छापील लेखक! पार्वताकाकूंनी मला ओवाळलं, शाळेला अर्धा दिवस सुट्टी मिळाली, आणि मी आठ दिवस मान ताठ ठेवून चाललो, इतकी की दोनदा उंबऱ्याला ठेचकाळलो. माझ्या दहा पानांचं संपादकांनी दीड पान केलं होतं. शेवट तेवढा अक्षर न् अक्षर पूर्ण होता.

सोबत त्यांचं पत्र होतं. 'चंद्र आणि वादळ आम्ही कमी केलं, क्षमस्व. परंतु तो शेवट! तो सर्वस्वी आपला स्वतःचा आहे. तो दुसऱ्या कोणाला लिहिता आलाच नसता.'

ते पत्र मी आजही जपून ठेवलं आहे. घरी येईल त्याला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवतो. फक्त वाचायच्या आधी सुमन घरात नाही ना, एवढं बघून घेतो.