मोठेबाबांची राहिलेली फायनल

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिमला कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. आई एवढंच म्हणाली, "ये वं. मोठेबाबा गेले." मी पुस्तक परत केलं, रजिस्टरमध्ये सही केली आणि बसस्टँडकडे चालू लागले. तिकिटासाठी बॅगेत हात घातला तर चुन्याची डबी हाताला लागली. त्या डबीत फायनल होती... त्यांनी न पाहिलेली.

हे नीट सांगायला हवं. मला लेख लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. मेडशीजवळ त्यांचं वावर. वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचे आणि आठवडी बाजारात स्वतः विकायचे. तरुणपणी मात्र काही वर्षं ते संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर होते. आपल्याकडची संत्री बांगलादेशात जातात. सरहद्दीवर ट्रकांची रांग लागली की गाड्या दिवसेंदिवस हलत नसत, आणि बाजूच्या पडीत जागेत ड्रायव्हर, हमाल, तिथली पोरं फुटबॉल खेळत. मोठेबाबांना फुटबॉलचा नाद तिथे लागला. गावात सगळे क्रिकेटवाले. फुटबॉल पाहणारे हे एकटेच. तेही वर्ल्डकप नाही. त्यांना आवडायची ती फक्त आपल्या शेजारी देशांची स्पर्धा, पुरुषांची असो की महिलांची. नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव आणि आपण. "थे वर्ल्डकपवाले कोन, कुठले, आपल्याले काय मालूम," म्हणायचे. "हे कसे, धुऱ्याले धुरा लागलेले."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यांचं स्वतःचं धुऱ्यावरून शेजारच्या वावरातल्या गुलाबकाकांशी बोलणं बंद होतं. दोघांच्या वावरांमध्ये एक बोरीचं झाड आहे. ते कोणाचं, यावरून मी शाळेत जायच्या आधीपासून भांडण. पण गंमत अशी, की मॅच पाहायला मोठेबाबांना गुलाबकाकाच लागायचे.

वावरात रेंज नाही आणि घरी टीव्हीवर ही स्पर्धा दिसत नाही. म्हणून मी कॉलेजच्या वायफायवर मॅच उतरवून मेमरी कार्डात भरायची आणि शनिवारच्या एसटीने न्यायची. मी पहिल्यांदा वाशिमला निघाले तेव्हाच मोठेबाबांनी आपली चुन्याची जुनी डबी धुऊन, पुसून माझ्या हातात दिली होती. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाकी कोणी काय काय दिलं... त्यांनी ही डबी दिली. "कार्ड याच्यात ठेवजो. हरवशीन नाई." मॅच तिकडे होऊन गेलेली असली तरी त्यांच्यासाठी ती कार्ड येईपर्यंत झालेलीच नसायची. निकाल कोणी सांगायचा नाही. पहिल्याच वेळी मी काही बोलले नाही, पण उतरलेल्या चेहऱ्याने आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि डबी परत दिली. "हरलो ना? तुह्या तोंडावर लिहेल हाये पुरं. पुढच्या टायमाले तोंड सपाट घिऊन येजो."

मग मी एसटीतच तोंड सपाट करायची सवय लावली.

कार्ड आलं की मी धुऱ्यावर उभी राहून ओरडायची, "मॅच आली!" मोठेबाबा स्वतः कधी हाक मारत नसत. गुलाबकाका हातातलं काम टाकून येत. मोबाइल बरोबर धुऱ्यावर, पालथ्या टोपल्याला टेकवून ठेवायचा. मोठेबाबा अलीकडे बसणार, गुलाबकाका पलीकडे, आपापल्या वावरात. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे सगळं माझ्यामार्फत.

सामन्याआधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात. मोठेबाबा दोन्हींना उभे राहायचे. एकदा नेपाळच्या राष्ट्रगीताला ते मातीचे हात जोडून सरळ उभे राहिले तेव्हा गुलाबकाका मला म्हणाले, "पाह्य वं. नेपाळच्या गाण्याले उभा राह्यते हा. मी धुऱ्यावर येतो तं कधी ढुंगन नाई उचलत."

मोठेबाबा मोबाइलकडे बघतच म्हणाले, "त्याले सांग, नेपाळ माह्यं वावर नाई कोरून राह्यला."

यंदा महिलांची फायनल झाली आणि त्याच आठवड्यात मोठेबाबांना वाशिमच्या दवाखान्यात आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी रोज संध्याकाळी जायची. कार्ड भरून तयार होतं. मी विचारलं, "इथंच पाहू का?" त्यांनी मान हलवली. "इथं काय... गुलाब पाह्यजे." मग चौथ्या दिवशी, मी निघताना, त्यांनी माझं मनगट धरलं. बोलायला त्रास होत होता.

"पोरी... सांगून टाक."

सांगितलं असतं तर त्याचा अर्थ असा झाला असता, की तुम्ही आता घरी येणार नाही. आणि मी तो अर्थ मानायला तयार नव्हते. मी म्हणाले, "घरी गेल्यावर पाहू ना, मोठेबाबा. गुलाबकाका वाट पाहून राह्यले." ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, खूप वेळ... आणि मी तोंड सपाट ठेवलं. त्यांनीच शिकवलं होतं तसं. दोन दिवसांनी पहाटे ते गेले; आईचा फोन आला तोवर त्यांना गावी नेलंही होतं.

मी बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळत नाही. एका माणसाने आयुष्यात एकदाच नियम मोडायला सांगितला आणि मी नियम पाळला. कदाचित त्यांना निकाल नकोच असेल, मी काय बोलते तेवढंच ऐकायचं असेल. कदाचित खरंच हवा असेल. आता विचारणार कोणाला?

पाच आठवड्यांनी, गेल्या शनिवारी, मी वावरात गेले. वांग्यांना पाणी द्यायचं होतं. धुऱ्यापलीकडे गुलाबकाका उभे होते. मग म्हणाले, "मॅच आनली का?"

"हाव."

"मंग वरडत काहून नाई?"

मला ओरडता आलं नाही. मी टोपलं पालथं घातलं आणि मोबाइल धुऱ्यावर ठेवला. गुलाबकाका पलीकडे त्यांच्या जागेवर बसले. अलीकडची जागा मोकळीच ठेवून मी मागे बसले, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसू नये.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. आधी शेजाऱ्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं. गुलाबकाकांनी गुडघ्यावर हात टेकला आणि हळूहळू उठले. मोबाइलकडे नाही, अलीकडच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ते गीत संपेपर्यंत उभे राहिले.

निकाल मी इथे लिहीत नाही. मध्यंतराला त्यांनी मोबाइल बंद करायला सांगितला. "बाकीची पुढल्या शनवारी," म्हणाले. "सांगजो नोको." कार्ड पुन्हा डबीत आहे.