बरगड्यांचे साचे

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाच्या खोक्यावर चढवली, पेनाच्या टोकानं गळ्याच्या हाडाखालचा एक पांढरा डाग दाखवला आणि विचारलं, "याआधी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"काढलाय की," नवरा म्हणाला. "कारखान्यात काढतात. झाली असतील दोन-तीन वर्षं."

"ती फिल्म आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर जुन्या जखमेची खूण समजू आणि सोडून देऊ. तेव्हा लहान असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ठेवलीय ना जपून?"

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं फरशीकडे.

ठेवली होती. जपूनच ठेवली होती. पण कापून.

गल्लीत तिला जुगाडकाकू म्हणत. ती गोधड्या शिवायची, आणि सुई, दोरा, कात्री यांपलीकडे शिवणासाठी काही विकत आणावं लागलं, तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. अंगठ्यावर सायकलच्या फाटक्या ट्यूबची टोपी, म्हणजे जाड थरातून सुई ओढताना निसटत नाही. गडद कापडावर रेघ मारायला अंघोळीच्या साबणाची उरलेली चिपटी. थर सरकू नयेत म्हणून दोरीवरचे चिमटे, त्यामुळे धुतलेल्या बनियनी शेजाऱ्यांच्या दारात. शिवण दाबून बसवायला लाटणं. सांडलेल्या टाचण्या वेचायला बंद पडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक. घरात काहीही सापडेनासं झालं की नवरा आधी तिच्या डब्यात हात घालायचा. "या घरात शिवणकामाला लागायचा राहिलोय तो मी एकटाच," म्हणायचा.

तोही लागलेला होता, ते त्याच्या ध्यानात नव्हतं, इतकंच.

तो लादी घासायच्या कारखान्यात होता. तिथली धूळ पापण्यांवर बसायची, कानात जायची, भाकरीच्या घासात करकरायची. मग छातीत जात नसेल? जातच असणार. म्हणून कारखान्यानं एक डॉक्टर ठेवलेला. त्यानं एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फिल्म धरून खिडकीकडे नजर टाकली आणि पाठीवर थाप मारली. "घोडा आहेस, घोडा! जा कामाला." पगार कारखान्याचा असला की डॉक्टरला मजुराची छाती ठणठणीतच दिसते. न दिसून सांगतो कोणाला? दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची ठणठणीत राहायची नाही.

ठणठणीत छातीचा फोटो कपाटावर धूळ खात पडला होता. एकदा काकूनं तो खाली काढला, बोटांत वाकवून बघितला आणि तिचे डोळे चमकले. पुठ्ठ्याचा साचा चार गोधड्यांत कडेनं मऊ पडतो, मग तुकडे लहान-मोठे निघतात. ही चीज मऊ पडणारी नव्हती. शिवाय आरपार दिसतं, त्यामुळे खालच्या कापडावरचं फूल नेमकं मधोमध धरता येतं. डब्याचं झाकण ठेवून तिनं एक गोल कापला, बाकीच्यातून पाकळ्या, चौकटी आणि तिरके तुकडे. नवऱ्याच्या बरगड्यांवरून साबण फिरवत तिनं किती गोधड्या आखल्या असतील, तिलाच ठाऊक. गल्लीतल्या बायकांनी मग त्याच कारखान्यात जाणाऱ्या आपापल्या नवऱ्यांच्या फिल्म आणून दिल्या. "घ्या काकू, आमच्या घोड्याचाही घ्या." अर्ध्या पाळीच्या छात्या बिस्किटांच्या एका डब्यात जमल्या.

आता हॉस्पिटलातून परत आल्याबरोबर तिनं तोच डबा पलंगावर उलटा केला.

"माझं कुठलं आणि कोणाचं कुठलं, कळायचं कसं?" नवरा उशाला टेकून बघत होता.

"तुमचं मला कळतं." आणि कळत होतं. त्याच्या फिल्मला निळसर झाक होती, आणि कापणारा हात तिचाच. ती एकेक तुकडा खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं लावत गेली. बरगडीला बरगडी भिडेना, की तुकडा फिरवायचा. गोधडीत नक्षी जुळवतात, तसंच. फक्त गोधडीत चूक झाली तर उसवता येतं.

"डावीकडची खालची वाकडी बसलीये बघ," नवरा म्हणाला. "नीट जोड, बाई. पुढच्या जन्मी तीच घालून यायचंय मला."

ती हसली नाही. काचेवर छाती उभी राहिली होती, पण उजव्या बाजूला वर, गळ्याच्या हाडाखाली, भोक होतं. डब्याच्या झाकणाएवढं गोल.

गोलाच्या कडा झिजल्यावर तो तिनं नणंदेच्या बाजारच्या पिशवीत बुडाला घातला होता, पिशवी ताठ राहावी म्हणून. तशीच उठून ती नणंदेकडे गेली.

"पिशवी दे. उसवायचीय."

"का? चांगली आहे की! अख्ख्या बाजारात अशी पिशवी नाही कोणाची."

"तिच्या बुडाला तुझा भाऊ आहे."

नणंद आधी खो खो हसली. "वहिनी, तुमचं काही सांगता येत नाही हं! उद्या मी मेले तर माझ्या कवटीत सुया ठेवाल तुम्ही." मग तिनं वहिनीचं तोंड बघितलं, पिशवीतले कांदे जमिनीवर ओतले आणि स्वतःच कात्री आणली.

गोल निघाला. ओरखडे पडलेला, एका कडेला भाजीच्या पाण्याचा डाग. आणि बरोबर मधोमध, सुईनं पाडलेलं बारीक छिद्र. झाकण ठेवताना तिला मध्यबिंदू शोधावा लागलाच नव्हता. फिल्मवर एक पांढरा ठिपका आयताच होता. तोच मध्य धरून तिनं गोल कापला, आणि त्यातच सुई रोवून प्रत्येक कापडावर फूल आखलं.

तिनं छिद्रावर बोट ठेवलं. "वहिनी, पाणी देऊ का?" नणंद विचारत होती. तोवर ती गोल घेऊन दाराबाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्ट्यांची ती छाती बघून कपाळाला हात लावला. "हे काय करून ठेवलंत?"

"साचे," ती म्हणाली. "तुम्ही उजेडावर तर लावा."

लावली. शेजारी नवी फिल्म. जुन्या फिल्मवर डाग होता शर्टाच्या बटणाएवढा. नवीवर कोटाच्या बटणाएवढा.

"वाढलाय," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा तेव्हाच काढायला हवा होता. आता दुसरीकडेही पसरल्यासारखं दिसतंय. औषधं देऊ आपण, पण ऑपरेशनचं… तेव्हा कोणी बघितली नव्हती का ही फिल्म?"

"बघितली ना. डॉक्टरनंच."

डॉक्टरीणबाईंनी मधल्या छिद्राकडे बोट केलं. "आणि हे?"

"ते माझं."

नवरा बाहेर बाकावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेतल्या पोरासारखा आज्ञाधारक. "जुळलं का?"

"जुळलं." त्याला फसवायचं असतं तर तिथंच फसवता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण आजवर त्याला फसवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायची तिची तयारी नव्हती. "तेव्हाही होता. लहान होता. आता काढता येत नाही म्हणतात."

त्यानं हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपली. "थाप मारली होती गं त्यानं पाठीवर," म्हणाला.

"मी त्यात सुई खुपसत होते. रोज."

"तुला कोणी शिकवलं होतं फिल्म बघायला? त्याला शिकवलं होतं." त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत तिनं त्याची पाठ चोळली. "बाकीच्यांचे कुठायत?"

"कोण बाकीचे?"

"डब्यातले."

घरी आल्यावर तिनं त्याला झोपवलं आणि उरलेले सगळे तुकडे काचेवर धरून बघितले. पांढरं दिसलं की तुकडा डोळ्यांजवळ न्यायची. डाग म्हणावा, की साबणाचा फराटा? पुसून बघायची. काही पुसले जात होते, काही जात नव्हते. कोणता तुकडा कोणाचा, हेही सांगता येईना. तिनंच सगळ्यांना कापून एक केलं होतं. फक्त एकाचं ओळखता आलं. त्याचं गळ्याचं हाड पूर्वी मोडून वाकडं सांधलेलं, ते त्या पाकळीवर स्पष्ट दिसत होतं. त्या हाडाखाली काहीतरी होतं. ते तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, नखानं खरवडलं. गेलं नाही.

चपला न घालताच ती दोन घरं सोडून पलीकडे गेली. त्याची बायको दारात भांडी घासत बसली होती.

"काय काकू, साचा परत करायला आलात? नको नको, असू द्या. आमच्या घोड्याला आता काय कामाचा तो!"

"तुझा नवरा कुठाय?"

"कामावर. आत्ताच गेले."

जुगाडकाकूनं ती पाकळी तिच्या ओल्या हातात दिली.

"भांडी राहू दे. जा, बोलावून आण त्याला."

"अहो, पण आत्ता कोण सोडणार त्यांना?"

"मग चल," जुगाडकाकू म्हणाली. "दोघी जाऊ."