परकराच्या नाडीखालचा डाग

"स्क्रब टायफस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या परकराची नाडी सैल करून त्या कमरेवरचा काळा डाग बघत होत्या. विडीचा चटका बसावा तसा डाग. त्याला एस्कार म्हणतात, म्हणजे बारीक किडा चावतो तिथे धरलेली खपली.

तोवर नाशिकच्या त्या दवाखान्यात मी नुसती फणफणत होते. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, श्वास मात्र अपुरा पडू लागलेला. मोठे डॉक्टर रोज वरातीएवढा लवाजमा घेऊन येत, माझ्या फाइलचं दर्शन घेत आणि पुढे सरकत.

डाग मला माहीत होता. पण नाडीच्या काचाने आम्हा बायकांची कंबर काळीच पडलेली असते. ती कोण डॉक्टरला दाखवतं? या बाईंनी मात्र आधी पडदा ओढला आणि मग विचारलं, "शेतात गेला होतात?"

गेले होते. घोटीजवळ माहेरी, भातकापणीला. लहानपणी आम्ही भावंडं त्याच बांधावर उंदरांची बिळं उकरून त्यांनी साठवलेल्या लोंब्या पळवायचो आणि गवतात लोळायचो. यंदा मी आणि वहिनी तिथेच आडव्या झालो, साठी ओलांडलेल्या दोन पोरी.

वहिनी! तिलाही ताप होता. मी फोन लावला.

"वहिनी, नाडीखाली बघ. काळी खपली आहे का?"

"वन्सं, दवाखान्यात जाऊन लाज सोडली का काय!" मग फोन ठेवून ती बघून आली. "हाय वो. एक हाय."

भावाने तिला लगेच आणलं. तिला ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्सिसायक्लीन या साध्या गोळ्यांनी आधी माझा ताप उतरला, मग तिचा. ते मधलं वाट बघणं मी विसरणार नाही.

पुढे आरोग्य खात्याची माणसं तपासणीसाठी बांधावर उंदरांचे पिंजरे लावायला आली. आमिषाची भजी वहिनीनेच तळली. उंदरांच्या कानांतून त्यांनी माइट, म्हणजे टाचणीच्या टोकाहून बारीक किडे, वेचून नेले. त्यांत आमच्या आजाराचे जंतू निघाले.

ताप हटत नसेल तर बायांनो, नाडीखालचंही दाखवा. आणि पडदा ओढणारा डॉक्टर भेटला तर त्याचे उपकार माना.

परवा माहेरी गेले. बांधावर जरा टेकून परतले, तर वहिनी टॉवेल घेऊन दारातच उभी.

"आधी अंघोळ, वन्सं. मग माहेर."